पांढरं झाकण सपाट, निळं वाकडं

निळा किंवा हिरवा माल वाकडा निघतोय आणि साचा, मशीन, ऑपरेटर यांपैकी कोणाला धरावं ते कळत नाहीये, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी इंजेक्शन मोल्डिंगच्या कारखान्यात क्वालिटी बघते. फेब्रुवारीत सुरू झालेलं एक प्रकरण ऑक्टोबरच्या शेवटी कागदोपत्री बंद झालं. त्या काळात मला हवी असलेली माहिती एका जागी मिळाली नाही. थोडी टूलरूमकडे (साचे सांभाळणाऱ्या विभागाकडे) होती, थोडी मास्टरबॅचवाल्यांकडे (प्लास्टिकला रंग देणारे, रंग ठासून भरलेले दाणे पुरवणाऱ्यांकडे), थोडी प्रयोगशाळेत. म्हणून सगळं क्रमाने मांडते.

वस्तू अगदी साधी: ३०० मिमी व्यासाचं गोल झाकण, एचडीपीईचं (जास्त घनतेच्या पॉलिइथिलीनचं), गेट, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरायची जागा, मधोमध एकच. पांढऱ्या रंगात ते वर्षानुवर्षं विनातक्रार चालू होतं. ग्राहकाने तेच निळ्या रंगात मागितलं. ड्रॉइंग तेच, साचा तोच, मशीन तेच, फक्त हॉपरमध्ये पडणारा मास्टरबॅच वेगळा. त्यामुळे हे नवीन काम आहे असं कोणालाच वाटलं नाही. नवीन कामाचा फॉर्मही भरला गेला नाही, कारण आमच्या पद्धतीत रंग हा ‘व्हेरियंट’ होता, बदल नव्हता. रंगाची चिप, म्हणजे नमुन्याची पट्टी, डी६५ दिव्याखाली (दिवसाच्या उजेडासारख्या प्रमाण प्रकाशात) पहिल्याच फेरीत पास झाली आणि काम मशीनवर चढलं.

साच्यातून निघताना झाकण नीट दिसायचं. रात्रभर राहिलं आणि सकाळी सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या अचूक सपाट पाटावर, ठेवलं की डुगडुगायचं. समोरासमोरच्या दोन कडा वर आणि त्यांच्याशी काटकोनातल्या दोन खाली, म्हणजे खोगिराचा आकार. तुमच्याकडेही भाग वाकत असेल तर आधी तो कोणत्या आकारात वाकतोय ते कागदावर काढून ठेवा, फोटोत ते नीट दिसत नाही. पुढे याच आकाराने आम्हाला सगळ्यात जास्त सांगितलं. गंमत म्हणजे व्यास मोजला तर सगळी झाकणं ओके. आमच्या तपासणी अहवालात व्यासाचा रकाना होता, त्यात हिरव्या खुणा होत्या, आणि माल ग्राहकाच्या लाइनवर झाकण बसवणाऱ्या मशीनमध्ये अडकत होता.

मार्चच्या सुरुवातीला तक्रार आली, सोबत ८डी रिपोर्टचा, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय नोंदवायचा, फॉर्म. ज्यांनी हा फॉर्म भरलेला नाही त्यांच्यासाठी: यात आठ पायऱ्या असतात. तिसरी पायरी तातडीच्या बंदोबस्ताची, चौथी मूळ कारणाची. तिसरीचं उत्तर लगेच द्यावं लागतं, चौथीला थोडी सवड मिळते. घाई कितीही असली तरी चौथीत ‘प्रोसेस व्हेरिएशन’ लिहून मोकळं होऊ नका. ते लिहिलं की पाचव्या पायरीत प्रोसेसचीच दुरुस्ती लिहावी लागते, आणि ती दुरुस्ती चालली नाही तर अख्खा रिपोर्ट परत येतो. आम्ही चौथीत ‘तपास चालू’ लिहून मुदतवाढ मागितली. ती मिळाली, पण दर आठवड्याला प्रगतीचा ईमेल पाठवायच्या अटीवर. त्या ईमेलांचा तेव्हा फार जाच वाटायचा. नंतर तारखा जुळवताना तेच ईमेल कामी आले.

बंदोबस्त म्हणून कूलिंग फिक्स्चर केलं. झाकण साच्यातून निघालं की दोन सपाट प्लेट्समध्ये दाबून थंड करायचं. फिक्स्चरमधून काढताना झाकण आरशासारखं सपाट असायचं. दोन दिवसांनी त्यातला बराचसा वाक परत यायचा. कारण सोपं आहे, पण ते कळायला मला वेळ लागला. एचडीपीईचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली प्लास्टिक काचेसारखं कडक होतं ते, शून्याच्या खाली शंभराहून जास्त अंशांवर असतं. खोलीच्या तापमानाला ते घट्ट वाटलं तरी त्याचा बिनस्फटिकी भाग, म्हणजे जिथे रेणूंच्या लांब साखळ्या शिस्तीत रचलेल्या नसतात तो, सैलच असतो. स्फटिकीभवन हळूहळू चालू राहतं आणि दाबून धरलेला ताण आपली वाट काढतो. म्हणजे फिक्स्चर वाक काढत नाही, पुढे ढकलतं. तरीही पॅकिंगनंतर लगेच वापरल्या जाणाऱ्या मालापुरता त्याचा उपयोग झाला, आणि तिसऱ्या पायरीत लिहायला काहीतरी खरं मिळालं.

मग मशीनचे खेळ. कूलिंग टाइम वाढवला: सायकल लांबली, झाकण बाहेर येताना जास्त सपाट दिसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर धरून ठेवलेला दाब) वाढवलं: एकूण आकुंचन कमी झालं, पण ही घट गेटजवळ जास्त आणि कडेला कमी, त्यामुळे वाक उलट वाढला. साच्याचं पाणी गरम केलं: स्फटिकं वाढली, आकुंचनही वाढलं. थोडाफार खरा फरक पडला तो बॅरलचं (दाणा जिथे वितळतो त्या नळीचं) तापमान वाढवल्यावर. वितळलेलं प्लास्टिक पातळ झालं की साखळ्या प्रवाहाच्या दिशेने कमी ताणल्या जातात आणि ताणलेल्या साखळ्यांना थंड होण्याआधी सैल व्हायला अवधी मिळतो. पण मर्यादेत येण्याइतका फरक कशानेच पडला नाही. या सगळ्यात मशीनचे तास गेले, प्लास्टिकचा दाणा गेला आणि टूलरूमशी संबंध ताणले गेले, कारण मधल्या काळात कोणीतरी ‘साचा वाकलाय’ असा शेरा मारला होता. टूलरूमच्या प्रमुखांनी साचा सोडवून कोअर-कॅव्हिटी (साच्याचे आतले आणि बाहेरचे भाग) मोजून दाखवल्या. अहवाल माझ्या टेबलावर ठेवताना ते एवढंच म्हणाले, “मॅडम, साचा रंग बघत नाही.”

ते वाक्य मी आठवड्याच्या ईमेलमध्ये जसंच्या तसं घातलं.

तपासाला खरी दिशा मिळाली ती रंग बदलताना. एप्रिलमध्ये आम्ही एकाच शिफ्टमध्ये, एकही सेटिंग न हलवता, आधी पांढरा, मग निळा, मग पुन्हा पांढरा असा माल काढला. प्रत्येक झाकणावर क्रमांक घातला आणि दुसऱ्या दिवशी सगळी सरफेस प्लेटवर मांडली. पांढरी सपाट, निळी खोगीर, परत पांढरी सपाट. इथवर अपेक्षित होतं. धक्का मधल्या झाकणांनी दिला. निळ्यातून पांढऱ्यावर जाताना बॅरल पर्ज होत असते, म्हणजे जुना रंग बाहेर ढकलला जात असतो, तेव्हा काही झाकणं फिकट, आकाशी निघतात. ती भंगारात जातात, कोणी मोजत नाही. आम्ही मोजली. ज्यात निळा नावापुरता उरला होता तीही जवळपास तेवढीच वाकली होती. म्हणजे मास्टरबॅचचं प्रमाण निम्मं केलं तर वाकही निम्मा होईल, हा परचेसचा आवडता उपाय तिथेच बाद झाला.

तुमच्याकडे एकच चाचणी करायला वेळ असेल तर हीच करा. हिला प्रयोगशाळा लागत नाही, फक्त झाकणांवर क्रमांक घालायला पेन लागतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत धीर.

आता मास्टरबॅच पुरवठादाराकडे मोर्चा. डेटा शीटवर रंगाचं नाव, मिसळण्याचं प्रमाण, उष्णता-सहनशीलता, प्रकाश-सहनशीलता, वाहक रेझिन एवढं असतं. आत कोणता पिग्मेंट (रंगद्रव्य) आहे ते नसतं, ते त्यांचं गुपित. सुरक्षा पत्रकात धोकादायक घटक असले तरच नाव येतं, आणि हा पिग्मेंट त्यात मोडत नाही. म्हणून कलर इंडेक्स क्रमांक, म्हणजे रंगद्रव्याचा ओळख क्रमांक, मागावा लागतो, आणि त्यासाठी गोपनीयता करार करावा लागतो. करार आमच्या लीगलमधून त्यांच्या लीगलमध्ये, मग एका शब्दावरून परत आमच्याकडे. एप्रिलचा बराचसा भाग त्यात गेला. एक सूचना: नुसता ‘फॉर्म्युला द्या’ असा ईमेल पाठवलात तर नकारच येईल. ‘पिग्मेंटची रासायनिक जात सांगा, एचडीपीईमध्ये तो आकुंचनावर परिणाम करतो का ते सांगा, आणि वॉरपेज (वाक) न करणारा पर्याय आहे का ते सांगा’ असं विचारलं की ईमेल विक्रीवाल्याकडून तंत्रज्ञाकडे जातो. आमच्या बाबतीत करारावर सही व्हायच्या आधीच तिकडच्या तंत्रज्ञ बाईंचा फोन आला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “खोगीर होतंय की घुमट?”

पिग्मेंट ब्लू १५:३ निघाला, म्हणजे कॉपर थॅलोसायनिन. निळ्या प्लास्टिकच्या जगात याच्याशिवाय पान हलत नाही. स्वस्त, अतिशय तीव्र, उन्हात न उडणारा, बॅरलच्या उष्णतेला दाद न देणारा. या कुळाचा शोधही अपघातानेच लागला. १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथमध्ये थॅलिमाइड हे रसायन बनवताना भांड्याच्या आतला काचेचा थर तडकला, उघड्या पडलेल्या लोखंडाशी माल लागला आणि त्यात निळा पदार्थ दिसला. तो लोखंडाचा थॅलोसायनिन होता. तांब्याचा भाऊ १९३५ पासून मोनॅस्ट्रल ब्लू या नावाने बाजारात आला.

बाईंनी फोनवर जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं. एचडीपीई अर्धस्फटिकी आहे. वितळलेल्या अवस्थेतून थंड होताना त्याच्या साखळ्या घड्या घालून स्फटिकं बनवतात. पॉलिइथिलीनच्या बिनस्फटिकी भागाची घनता साधारण ०.८५५ आणि शुद्ध स्फटिकाची १.०० ग्रॅम प्रति घन सेमी, म्हणजे स्फटिक बनताना जागा बरीच कमी लागते. म्हणूनच एचडीपीईचं साच्यातलं आकुंचन दीड ते चार टक्के असतं आणि एबीएससारख्या बिनस्फटिकी प्लास्टिकचं अर्ध्या टक्क्याच्या आसपास. स्फटिकाला सुरुवात करायला काहीतरी आधार लागतो. थॅलोसायनिनचे बारीक, लांबट कण तो आधार उत्तम देतात. त्यांच्या पृष्ठभागावरची रचना अशी असते की पॉलिमरची साखळी तिथे सहज चिकटून ओळीत बसते. त्यामुळे स्फटिकीभवन लवकर, म्हणजे जास्त तापमानाला सुरू होतं. त्यात हे कण प्रवाहाबरोबर एका दिशेने वळलेले असतात आणि साखळ्याही त्याच दिशेने ताणलेल्या असतात. एरवी थंड होता होता साखळ्या थोड्या सैल पडल्या असत्या. इथे त्याआधीच त्या अडकतात. परिणाम असा की प्रवाहाच्या दिशेने आकुंचन वाढतं आणि आडव्या दिशेने घटतं.

आता झाकणाकडे बघा. गेट मधोमध, प्रवाह केंद्रातून कडेकडे. म्हणजे त्रिज्येच्या दिशेने जास्त आकुंचन आणि परिघाच्या दिशेने कमी. समजा हा फरक अर्धा टक्का आहे. ३०० मिमी व्यासाच्या झाकणाचा परीघ ९४२ मिमीच्या आसपास, त्याचा अर्धा टक्का म्हणजे साडेचार मिमीहून जास्त. आत ओढल्या गेलेल्या त्रिज्येला परीघ तेवढा लांब पडतो, त्या जास्तीच्या मिलिमीटरांना सपाट राहून जागा नाही, म्हणून कड वर-खाली होते. खोगीर! उलट परीघ जास्त आकसला असता तर झाकण मध्ये फुगून घुमट झालं असतं. बाईंचा पहिला प्रश्न त्यासाठी होता. आणि आमच्या व्यासाच्या रकान्याला काहीच का दिसलं नाही तेही इथे कळलं: एका दिशेत वाढ आणि दुसऱ्या दिशेत घट झाली की सरासरी फारशी हलत नाही.

फोन ठेवला तेव्हा मला आनंदापेक्षा रागच जास्त आला होता. हे सगळं पिग्मेंटवाल्यांना कित्येक दशकं माहीत आहे. फक्त आम्हाला कोणी विचारलं नव्हतं आणि आम्ही कोणाला.

मे महिन्यात पुरावा कागदावर आणायचं ठरलं. फोनवरचं बोलणं ८डीच्या चौथ्या पायरीत लावता येत नाही. आयएसओ २९४-४ हे प्रमाण मोल्डिंग आकुंचनासाठी आहे: ६० गुणिले ६० मिमीची, २ मिमी जाडीची चौकोनी प्लेट, एका बाजूने पूर्ण रुंदीचा गेट, म्हणजे प्रवाह सरळ एकाच दिशेने. प्लेट मोल्ड झाल्यावर १६ ते २४ तासांच्या दरम्यान, २३ अंशांना, प्रवाहाच्या दिशेने आणि आडव्या दिशेने मोजायची. आमच्याकडे हा साचा नव्हता, म्हणून बाहेरच्या प्रयोगशाळेत अर्ज केला. त्यांना तयार झाकण चालत नाही, दाणाच लागतो, कारण प्लेट ते स्वतः मोल्ड करतात. प्रत्येक नमुन्याचं शुल्क वेगळं, त्यामुळे किती नमुने पाठवायचे यावर परचेसशी घासाघीस झाली. शेवटी बिनरंगी, पांढरा, आमचा निळा आणि पुरवठादाराने सुचवलेला एक अल्ट्रामरीन निळा असे नमुने गेले. दाणा आणि मास्टरबॅच आम्हीच वजन करून मिसळून पाठवले, म्हणजे प्रमाणावरून नंतर वाद नको.

प्रयोगशाळेशी बोलताना दोन गोष्टी आधीच लिहून घ्या. एक, सगळ्या रंगांना कॅव्हिटीतला दाब सारखाच ठेवायचा आणि तो अहवालात नोंदवायचा. आकुंचन दाबावर अवलंबून असतं. दाब वेगळा असेल तर रंगांची तुलनाच होत नाही. दोन, प्रवाहाची दिशा प्रत्येक प्लेटवर खूण करून द्यायची. चौकोनी प्लेट उचलली, फिरवली की कोणती बाजू कोणती ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. घरच्या घरी मोजायचं असेल तर हेही ध्यानात असू द्या की ६० मिमीवर ०.१ टक्का म्हणजे जेमतेम ०.०६ मिमी. साध्या व्हर्नियरने, प्लेट हातात धरून, घाईत मोजलेल्या आकड्यावर पुढचे निर्णय उभे करता येत नाहीत. मायक्रोमीटर घ्या आणि प्लेटला खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

रांग मोठी होती. अहवाल जूनच्या मध्यावर आला. बिनरंगी, पांढरा आणि अल्ट्रामरीन यांच्यात सांगण्यासारखा फरक नव्हता. आमच्या निळ्याचं प्रवाहातलं आकुंचन वाढलेलं आणि आडवं घटलेलं, तंतोतंत जसं फोनवर ऐकलं होतं तसं. त्यासोबत डीएससी चाचणीही (प्लास्टिक कोणत्या तापमानाला स्फटिक बनवतं ते दाखवणारी) करून घेतली होती, तिच्यावर मात्र माझी निराशा झाली. निळ्यातलं स्फटिकीभवन जास्त तापमानाला सुरू होतं हे आलेखात दिसलं, पण सरक अगदी थोडी. नंतर कळलं की एचडीपीई मुळातच इतक्या वेगाने स्फटिक बनवतं की त्याला आणखी घाई करायला वाव फारसा उरत नाही. पॉलिप्रॉपिलीनमध्ये हीच सरक दहा अंशांच्या घरात जाऊ शकते. तेव्हा एचडीपीईचं डीएससी ‘जवळपास सारखं’ आलं म्हणून पिग्मेंटला निर्दोष सोडू नका. दोन दिशांचं आकुंचनच बघा. पॉलिप्रॉपिलीनवाल्यांसाठी आणखी एक: क्विनाक्रिडोन जातीचा एक लाल पिग्मेंट तिथे स्फटिकाचा प्रकारच बदलतो, नेहमीच्या अल्फाऐवजी बीटा बनवतो. म्हणजे तुमच्याकडे लाल रंग बिघडत असेल तर गोष्ट निळ्यापेक्षा वेगळी निघू शकते.

चौथी पायरी भरली. ग्राहकाने ती लगेच मान्य केली, बहुधा त्यांच्याकडेही कोणीतरी हे आधी भोगलं असावं. मग पाचवी, आणि खरी दगदग इथून पुढे.

पहिला पर्याय होता थॅलोसायनिनचाच, पण कणांवर लेप दिलेल्या, कमी वॉरपेजवाल्या जातीचा. छटा जवळपास तीच राहते म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडे. नमुना मागवला, झाकणं काढली. वाक कमी झाला, गेला नाही. ज्या भागाला फ्लॅटनेसची मर्यादा सैल आहे त्याला हे पुरेल, आम्हाला पुरलं नाही. दुसरा पर्याय मला बुद्धीला सगळ्यात पटलेला: दाण्यातच एक जोरकस न्यूक्लिएटिंग एजंट घालायचा, म्हणजे पिग्मेंटच्या आधी तोच स्फटिकं सुरू करेल, सगळे रंग एकसारखे आकसतील आणि साचा एकदाच त्या आकुंचनाला जुळवून घ्यायचा. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ही वाट मळलेली आहे. पण त्यासाठी पांढऱ्या झाकणाचीही सगळी मंजुरी नव्याने घ्यावी लागली असती आणि चालू साच्याला हात लावावा लागला असता. बैठक फार वेळ चालली नाही. जास्त प्रवाही ग्रेडचा दाणा वापरायची सूचनाही आली. तिने साखळ्यांचा ताण कमी होतो हे खरं, पण ताण-तडकण्याला असलेला प्रतिकार घसरतो, आणि झाकणाच्या कडेला स्नॅप (दाबून अडकणारा भाग) आहे. तिला नकार मीच दिला.

उरला अकार्बनी निळा. अल्ट्रामरीन, म्हणजे पिग्मेंट ब्लू २९, आणि कोबाल्ट ब्लू, म्हणजे पिग्मेंट ब्लू २८. दोघेही आकुंचनाला हात लावत नाहीत. पण अल्ट्रामरीनची रंगवण्याची ताकद थॅलोच्या मानाने फारच कमी, त्यामुळे मास्टरबॅचचं प्रमाण दोन टक्क्यांवरून चारवर न्यावं लागलं आणि डोसर (मास्टरबॅच मोजून सोडणारं यंत्र) पुन्हा कॅलिब्रेट करावा लागला. आम्लाशी त्याचं जमत नाही, तेव्हा झाकणाखाली काय भरलं जाणार आहे हे ग्राहकाकडून लेखी घेतलं. कोबाल्ट सगळ्याला टिकाऊ, पण महाग. आणि छटा! थॅलोचा निळा हिरवटपणाकडे झुकतो, अल्ट्रामरीन लालसरपणाकडे. जुलैत पाठवलेल्या चिपा रंगाच्या फरकावरूनच परत आल्या.

इथे एक गंमत झाली ती आवर्जून सांगते. पुरवठादाराने छटा जुळवायला अल्ट्रामरीन-कोबाल्टच्या मिश्रणात चिमूटभर थॅलो घातला. चिप सुंदर जुळली. झाकण खोगीर. पर्जच्या आकाशी झाकणांची आठवण ठेवली असती तर ही फेरी वाचली असती, असं तिकडच्या बाईच हसत म्हणाल्या. तेव्हापासून ऑर्डरवर आम्ही ‘छटादुरुस्तीसाठीही थॅलोसायनिन नको’ अशी ओळ लिहितो. काळा मास्टरबॅच घेताना हाच प्रश्न विचारा, कारण काळा जास्त गडद दिसावा म्हणून त्यात कधीकधी निळा टोनर असतो. आणि निळ्याचं रिग्राइंड (दळून पुन्हा वापरायचं भंगार) सपाट भागांच्या दाण्यात मिसळू देऊ नका, रंग दिसला नाही तरी वाक दिसतो. आमच्याकडे ग्राइंडरशेजारच्या गोण्यांवर आता पिग्मेंटची जात लिहिलेली असते.

छटेचा तिढा ग्राहकाच्या डिझाइन विभागात सुटला. झाकण ज्या डब्यावर बसतं तो दुसरीकडे बनतो, त्यात थॅलोच आहे, आणि खोल, रिब असलेल्या आकारामुळे तो वाकत नाही. डी६५ खाली आमचं झाकण आणि त्यांचा डबा कसेबसे जुळायचे, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली वेगळे पडायचे. पिग्मेंट वेगळे असले की हे होतंच, त्यामुळे दोन प्रकारच्या दिव्यांखाली बघितल्याशिवाय रंगाला मंजुरी देऊ नका आणि घेऊ नका. तिकडच्या डिझायनरने शेवटी सुचवलं की झाकण मुद्दामच एक पायरी गडद ठेवा, म्हणजे दोन निळे चुकलेले न वाटता ठरवून वेगळे केलेले वाटतील. महिनाभर डेल्टा-ईचे (दोन रंगांतल्या फरकाच्या मापाचे) दशांश मोजणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे सुचलं नव्हतं.

ऑगस्ट-सप्टेंबर कागदांत गेले. पिग्मेंट बदलला म्हणून मास्टरबॅचचा नवा कोड, नव्या कोडमुळे बीओएममध्ये (साहित्याच्या यादीत) बदल, त्यासाठी चेंज नोट, चेंज नोटला पाच विभागांच्या सह्या, मग पीपीएपी (भागाच्या मंजुरीसाठी ग्राहकाला द्यायची कागदपत्रं) नव्याने. पुरवठादाराकडून शिसं, कॅडमियम, पारा आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम यांबद्दलचं निवेदन आणि अन्नसंपर्काचं प्रमाणपत्र. कोबाल्टचं नाव वाचून ग्राहकाच्या सुरक्षा विभागाने वेगळा खुलासा मागितला, म्हणून तो आधीच मागवून ठेवलेला बरा. सगळ्यात लांबला तो ताण-तडकण्याचा चाचणी अहवाल. वाकवलेल्या पट्ट्या ५० अंशांच्या साबणी द्रावणात ठेवून तडा जायची वाट बघायची, आणि चांगला माल असेल तर तडा लवकर जातच नाही. ही चाचणी सुरुवातीलाच लावून बाकीचे कागद तिच्या आडोशाला पूर्ण करावेत. फ्लॅटनेसचा अहवाल देताना आम्ही झाकणं मोल्ड झाल्यानंतर एका दिवसाने आणि पुन्हा आठवड्याने मोजली, दोन्ही आकडे दिले. व्यासाच्या शेजारी आता कडेच्या चार बिंदूंच्या उंचीचे रकाने आहेत.

मंजुरीचा ईमेल ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आला, विषयाच्या ओळीत आमच्या झाकणाचा क्रमांकही चुकलेला होता. तो दुरुस्त करून घ्यायला आणखी दोन दिवस.

त्याच ग्राहकाला आता हिरवं झाकण हवंय. हिरव्यात नेहमी वापरला जाणारा पिग्मेंट ग्रीन ७ हा त्याच थॅलोसायनिनचा क्लोरीन घातलेला अवतार, तेव्हा पहिला ईमेल या वेळी कलर इंडेक्स क्रमांकासाठीच गेला. क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा आकुंचनाला सुरक्षित आहे, पण मळकट दिसतो म्हणून त्यांनी नाकारला. कोबाल्ट टायटेनेटच्या एका हिरव्याचा आणि लेप दिलेल्या थॅलोचा दाणा प्रयोगशाळेच्या रांगेत आहे. मशीनची तारीख मी त्यांचे दोन दिशांचे आकडे आल्यावरच मागणार आहे.